पदवीप्रवेशाचा अर्ज शाळेच्या रजिस्टरात सुरू होतो

बारावीनंतरच्या विद्यापीठ प्रवेशाविषयी या स्मरणिकेत लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले. अभ्यासक्रमांच्या याद्या आणि अर्जाच्या तारखा सांगणाऱ्या पुस्तिका दरवर्षी निघतात व पुढच्या वर्षी रद्दीत जातात. स्मरणिका मात्र घरात वर्षानुवर्षे राहते. म्हणून सहसा न बदलणाऱ्या गोष्टींवरच येथे भर दिला आहे. तारखा आणि शुल्काचे आकडे त्या त्या वर्षीच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतच पाहावेत.

विद्यापीठ अर्जदाराकडे दोन गोष्टी मागते. एक, त्याची गुणवत्ता. दुसरी, तो कोण आहे याचा पुरावा. पहिलीसाठी मुले दोन वर्षे रात्रीचा दिवस करतात, पालक कर्ज काढून शिकवणीचे शुल्क भरतात. दुसरीकडे निकाल लागेपर्यंत कोणाचे लक्ष जात नाही. माझ्या पाहण्यात ज्या मुलांच्या हातची जागा गेली, त्यांतील बहुतेकांचे गुण पुरेसे होते. कागद पुरेसे नव्हते. आणि तो अपुरा कागद शोधत मागे गेले की शेवटी शाळेच्या जनरल रजिस्टरातील एका ओळीपाशी येऊन थांबावे लागते.

साताऱ्याच्या शाळेचे रजिस्टर आपणा सर्वांना ठाऊक आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यात १९१४ या क्रमांकासमोर भिवा रामजी आंबेडकर हे नाव लिहिले गेले. २०१७ पासून महाराष्ट्र शासन तो दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळते. आपल्या शाळेतही त्या दिवशी भाषणे होतात, रांगोळ्या काढल्या जातात. एका नोंदीचा आपण उत्सव करतो; पण आपल्या स्वतःच्या मुलाची नोंद कशी लिहिली गेली आहे, हे पाहायला त्या दिवशी कार्यालयात एकही पालक आलेला मला आठवत नाही.

निवडीच्या पद्धतीचा इतिहास थोडक्यात पाहू. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली त्याने पहिली मॅट्रिक परीक्षा घेतली. आज आपण मॅट्रिकला शालान्त परीक्षा समजतो. मुळात ती विद्यापीठाची प्रवेश परीक्षा होती. शाळेने शिकवावे आणि विद्यापीठाने पारखून घ्यावे, अशी ती व्यवस्था होती. पुढे शालान्त परीक्षा मंडळे आली, पारख मंडळाच्या गुणपत्रिकेवर होऊ लागली. आता सीईटी, नीट, जेईई आणि २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी यांमुळे पारख पुन्हा शाळेबाहेर गेली आहे. प्रवेश परीक्षा ही नवी आपत्ती आहे असे पालक म्हणतात, तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाला थोडे हसू येते.

बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ गुण, म्हणजे शेकडा ३७.६. अभियांत्रिकीच्या आजच्या नियमानुसार राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्यालाही विषयगटात किमान ४० टक्के लागतात; त्या चाळणीतून हा विद्यार्थी खाली पडला असता. काळ वेगळा होता, अस्पृश्य मुलाने मॅट्रिक होणे हीच अपूर्व गोष्ट होती, हे खरे. तरीही या आकड्याकडे नीट पाहावे. संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही त्या मुलाला ते नाकारले गेले व पर्शियन घ्यावे लागले. घर एका खोलीचे होते. गुणपत्रिकेवर यातले काहीही छापले जात नाही. एल्फिन्स्टन महाविद्यालयात इंटरपर्यंत पोहोचल्यावर कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ साली बडोदा संस्थानच्याच शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले.

तेथून लंडनला जाताना त्यांच्यासोबत प्राध्यापक सेलिग्मन यांचे शिफारसपत्र होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश मिळाला, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. परतण्यापूर्वी त्यांनी विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत पुन्हा येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी मिळवली आणि १९२० साली त्याच परवानगीच्या बळावर ते परत लंडनला गेले. ती परवानगी घेतलीच नसती तर? अडचणीत सापडलेला विद्यार्थी बहुधा न सांगता निघून जातो. आमच्या मुलांपैकी कितीतरी जण पहिल्या वर्षाला घरच्या आजारपणामुळे किंवा पैशामुळे महाविद्यालय सोडतात आणि एक अर्जही देत नाहीत. दोन वर्षांनी परत शिकावेसे वाटते तेव्हा हातात खंड प्रमाणपत्रासाठी करायच्या प्रतिज्ञापत्राखेरीज काही नसते.

परदेशातील निवडीची पद्धत अजूनही याच वळणाची आहे. इंग्लंड-अमेरिकेतील विद्यापीठे गुणांबरोबर शिक्षकांचे शिफारसपत्र मागतात आणि विद्यार्थ्याने स्वतःविषयी स्वतःच्या शब्दांत लिहावे अशी अपेक्षा करतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये प्रवेश देताना वंशाचा विचार करण्यास मनाई केली; मात्र आपल्या वंशामुळे आयुष्यात काय सोसले हे अर्जदार निबंधात लिहू शकतो, एवढी फट ठेवली. आपल्याकडे पदवीच्या अर्जात असा निबंध क्वचितच कोणी मागते. एका परीने ते बरेच आहे, कारण असे निबंध सुबत्ता असलेल्या घरांत पैसे देऊन घडवून घेतले जातात. आपल्या व्यवस्थेने मुलाची कहाणी ऐकण्याऐवजी त्याचा प्रवर्ग मोजण्याचा मार्ग पत्करला. तो मार्ग कोरडा आहे, पण कोणा प्रवेशाधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नाही. त्याची अट एकच: प्रवर्ग कागदावर सिद्ध झाला पाहिजे.

या मार्गाची घटनात्मक सुरुवातही प्रवेशाच्याच भांडणातून झाली. मद्रास प्रांतात वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांतील दर चौदा जागा समाजगटांत वाटून देणारा सरकारी आदेश होता; त्यांतील दोन ‘हरिजनां’साठी होत्या. चंपकम दोराईराजन यांनी त्याला आव्हान दिले आणि एप्रिल १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरवला. गंमत अशी की या बाईंनी वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेशाचा अर्जच केला नव्हता. आपल्याला प्रवेश मिळणार नाही असे चौकशीत कळले, एवढ्यावर त्या न्यायालयात गेल्या होत्या. त्या निकालानंतर दोनच महिन्यांत, बाबासाहेब कायदामंत्री असताना, पहिली घटनादुरुस्ती झाली आणि कलम १५ मध्ये चौथे उपकलम आले. आज आपल्या मुलाच्या अर्जावर ‘प्रवर्ग’ नावाचा जो रकाना असतो, त्याचा आधार हे उपकलम आहे.

मराठवाड्याची गोष्ट आणखी निराळी. निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणमाध्यम उर्दू होते आणि पदवीसाठी हैदराबादची वाट धरावी लागे. खेड्यातल्या अस्पृश्य मुलाचा प्रश्न त्याच्याही कितीतरी अलीकडे, गावच्या शाळेच्या पायरीवरच संपत असे. ८ जुलै १९४५ रोजी स्थापन झालेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने जून १९५० मध्ये या शहरात महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने प्रसिद्ध झाले. नागसेनवनात शिकलेल्यांची दुसरी-तिसरी पिढी आज ही स्मरणिका वाचत आहे. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ आले आणि १४ जानेवारी १९९४ रोजी त्याच्या नावात बाबासाहेबांचे नाव आले. त्या लढ्याविषयी येथे लिहीत नाही. त्यावर माझ्याहून अधिकारी माणसांनी लिहिले आहे.

आता आजची निवड. कला, वाणिज्य, विज्ञान या पारंपरिक पदव्यांचे प्रवेश आपल्या विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत मुख्यतः बारावीच्या गुणांवर होतात. येथे कागदांचा काच त्या मानाने कमी. अभियांत्रिकी, औषधनिर्माण, कृषी आणि पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम यांसाठी राज्याच्या सीईटी कक्षाची परीक्षा आणि त्यानंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, ज्याला सर्वजण ‘कॅप राउंड’ म्हणतात. अभियांत्रिकीच्या सीईटीत २०० गुण असतात: भौतिकशास्त्र ५०, रसायनशास्त्र ५०, गणित १००. सुमारे पाचवा हिस्सा प्रश्न अकरावीवर असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. भौतिक व रसायन मराठीतून सोडवता येते. गणिताची प्रश्नपत्रिका मात्र इंग्रजीतच असते. मराठी माध्यमाच्या मुलांनी गणिताच्या इंग्रजी संज्ञा अकरावीपासून तोंडी बसवल्या पाहिजेत. परीक्षेच्या दिवशी गणित येते पण प्रश्न कळत नाही, अशी अवस्था मी पाहिली आहे.

निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो आणि येथे पालकांचा मोठा गैरसमज होतो. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. नव्वद पर्सेंटाइल याचा अर्थ परीक्षा देणाऱ्या शंभरांतील नव्वद जण तुमच्या बरोबरीचे किंवा मागे आहेत. ‘मुलाला नव्वद टक्के पडले तरी सरकारी कॉलेज का नाही’ हा प्रश्न या घोटाळ्यातून येतो. दुसरा घोटाळा पसंतीक्रमाच्या अर्जाचा. मनापासून हवे ते महाविद्यालय आणि शाखा वर, मग उतरत्या क्रमाने, एवढेच त्याचे शास्त्र आहे. सायबर कॅफेतल्या माणसाने भरून दिलेला पसंतीक्रम ही आपल्या मुलांची मोठी हानी आहे. घरी कागदावर लिहून, दोनदा वाचून, मगच संगणकावर बसावे.

वैद्यकीयला नीट. सरकारी महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात आणि ८५ टक्के राज्याच्या. पूर्वी राज्याच्या जागांत विभागनिहाय सत्तर-तीसचे सूत्र होते, ते सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाले. आता मराठवाड्याचा विद्यार्थी संपूर्ण राज्याच्या यादीत उतरतो. दिल्ली विद्यापीठ, जेएनयू, बनारस अशा ठिकाणी पदवीसाठी सीयूईटी द्यावी लागते आणि ती मराठीतूनही देता येते. आपल्या मुलांच्या यादीत ही विद्यापीठे जवळजवळ नसतातच. कला शाखेच्या हुशार मुलीला बी.ए.साठी दिल्लीला पाठवता येते, ही कल्पनाच घरात कोणी मांडत नाही.

प्रवेशासाठी काय सादर करावे लागते? दहावी व बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, वय-अधिवास-राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र, आधार, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. यांतील अधिवास प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रातून मिळतात. एक गोष्ट तेवढी सांभाळावी: नाव सर्वत्र एकच हवे. आधारावर एक स्पेलिंग, गुणपत्रिकेवर दुसरे, बँकेत तिसरे, अशाने शिष्यवृत्ती महाडीबीटीवर अडकते. उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. १९४४ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना सुरू झालेली ही योजना आहे. तिचा अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो, हे दुसऱ्या वर्षाची मुले हमखास विसरतात.

खरा काच जातीच्या प्रमाणपत्राचा आणि त्याच्या वैधतेचा. ही दोन वेगळी कागदपत्रे आहेत. जात प्रमाणपत्र उपविभागीय अधिकारी देतात. ते खरे आहे की नाही हे जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती तपासते आणि वैधता प्रमाणपत्र देते. २००१ पासून लागू झालेल्या राज्याच्या कायद्याने ही पद्धत बांधून दिली आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी वैधता लागतेच. मुदतीत ती सादर झाली नाही तर अर्जदार खुल्या प्रवर्गात गणला जातो. मग जागा जाते, किंवा राहिली तरी पूर्ण शुल्क भरावे लागते. पडताळणीला कित्येक महिने लागू शकतात. म्हणून अकरावी विज्ञानात प्रवेश घेतल्याबरोबर कनिष्ठ महाविद्यालयाचे पत्र घेऊन अर्ज करावा. बारावीच्या निकालानंतर समितीच्या दारात उभे राहणाऱ्याच्या हातात उरलेले दिवस बोटांवर मोजण्याइतके असतात.

आणि आता आपल्या समाजाचा खास प्रश्न. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी केवळ हिंदूंना होता. १९५६ साली त्यात शीख आले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला धम्मदीक्षा झाली. ज्यांनी बौद्ध म्हणून नोंद केली, ते केंद्राच्या दृष्टीने अनुसूचित जातीबाहेर गेले. महाराष्ट्र राज्याने १९६० पासून नवबौद्धांना सवलती दिल्या. केंद्राने मात्र १९९० साली कायदा दुरुस्त करून बौद्धांना त्या आदेशात घेतले. मधली चौतीस वर्षे मोजा. आयआयटीत अनुसूचित जातींसाठी राखीव जागा १९७३ पासून आहेत. तेव्हापासून १९९० पर्यंत दाखल्यावर ‘बौद्ध’ असलेल्या मुलाला ते दार बंदच होते. काही बापांनी छातीवर दगड ठेवून मुलाच्या नावापुढे ‘हिंदू महार’ लिहिले; काहींनी नुकसान सोसून ‘बौद्ध’च लिहिले. दोघांनाही दोष देण्याचा अधिकार आजच्या पिढीला नाही.

पण त्या निर्णयांची छाया आजच्या अर्जावर पडते. एकाच घरात आजोबांची नोंद ‘महार’, वडिलांची ‘बौद्ध’, काकांची ‘नवबौद्ध’ आणि मुलाची ‘हिंदू महार’ असे चार कागद समितीपुढे येतात. आपल्या एका माजी विद्यार्थ्याचे असेच झाले. मुलगा गुणवान, सीईटीचा निकाल चांगला. परंतु दाखल्यावर जातीच्या रकान्यातही ‘बौद्ध’ आणि धर्माच्या रकान्यातही ‘बौद्ध’. मूळ जातीचा उल्लेख कोठेच नाही. बौद्ध ही जात नव्हे, तो धम्म आहे, हे आपण व्यासपीठावरून सांगतो. कायदाही नेमके तेच सांगतो, म्हणूनच अनुसूचीत ‘बौद्ध’ या नावाची जात सापडत नाही. वंशावळ, प्रतिज्ञापत्रे आणि आजोबांचा जुना उतारा जमवेपर्यंत त्या मुलाची पहिल्या वर्षाची संधी गेली.

यावर माझे मत स्पष्ट आहे आणि ते सर्वांना रुचेल असे नाही. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहावे, ठामपणे लिहावे. जातीच्या रकान्यात अनुसूचीत असलेले मूळ जातीचे नाव लिहावे. जो शब्द टाकून आपले आजोबा नागपूरला गेले, तो पुन्हा नातवापुढे लिहिताना पेन अडखळते, हे मी कार्यालयात बसून पाहिले आहे. तरुण पालक विचारतात, सर, हे आपणच लिहायचे का? मी त्यांना सांगतो की तो रकाना आपली ओळख विचारत नाही, आपल्यावर लादलेल्या गोष्टीचा पुरावा विचारतो. जखमेची नोंद रुग्णालयाच्या कागदावर असते; त्यामुळे माणूस म्हणजे जखम होत नाही. केंद्राच्या संस्थांसाठी प्रमाणपत्राचा नमुना वेगळा आहे व त्यात जातीचे नाव असावेच लागते, हेही ध्यानात ठेवावे. जेईई, नीट किंवा सीयूईटी देणाऱ्याने दोन्ही नमुन्यांतील प्रमाणपत्रे काढून ठेवावीत.

पडताळणीत अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. भटक्या-विमुक्तांसाठी ही तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ आहे. सर्वांत बळकट पुरावा म्हणून आजोबा-पणजोबांचा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा पुढे केला जातो. यातील विसंगती इतिहासाच्या शिक्षकाने नाही दाखवायची तर कोणी? ज्यांना शाळेत येऊ दिले नाही, त्यांच्या नातवाकडे आजोबांच्या शाळाप्रवेशाचा पुरावा मागितला जातो. १९५० साली हा प्रदेश हैदराबाद राज्यात होता. जे कागद आहेत ते बरेचसे उर्दूत किंवा मोडीत आहेत. शाळेचा उतारा नसेल तर महसुली नोंदी, जन्म-मृत्यूच्या नोंदी, जमिनीचे जुने कागद शोधावेत. खऱ्या प्रतिसह अधिकृत भाषांतर जोडावे. वडिलांच्या बाजूच्या रक्तनात्यातील कोणाकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर त्याचे मोल फार मोठे असते. चुलत्याने किंवा आत्याने आपले प्रमाणपत्र आणि वंशावळीचे प्रतिज्ञापत्र दिले की काम पुष्कळ हलके होते. भाऊबंदकीतल्या रुसव्यापायी ते न देणारे नातेवाईक आहेत. त्यांनी आपल्या घरातल्या पुढच्या मुलाचा विचार करावा.

रजिस्टरातील चूक सुधारायची ती मूल शाळेत असतानाच, शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने. शाळा सोडल्यानंतर दुरुस्ती अतिशय अवघड होते. प्रकरण कधी कधी उच्च न्यायालयापर्यंत जाते. म्हणून आठवी-नववीच्या पालकांना विनंती अशी की दिवाळीच्या सुट्टीसाठी मुलांना घरी न्यायला याल, तेव्हा कार्यालयात तासभर थांबा. नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, धर्म, जात हे पाच रकाने स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. वाचता येत नसेल तर मुलाकडून वाचून घ्या. ज्या माजी विद्यार्थ्यांकडे वैधता प्रमाणपत्र आहे, त्यांनी त्याची एक प्रत आपल्या भावांच्या घरी ठेवावी. उर्दू किंवा मोडी वाचता येणाऱ्यांनी शाळेच्या कार्यालयात आपले नाव कळवावे. जुने उतारे घेऊन येणारे पालक दर जून महिन्यात त्यांना शोधत असतात.